बाबांचा ठोकताळा

ठमीचे वडील इमारतींचे हिशेब करत. कुठल्या खांबावर किती भार येणार, तुळई किती जाड हवी, पाया किती खोल हवा हे सगळं ते ठरवत आणि खाली सही करत. ठमीनेही तोच अभ्यास दोन वर्षं केला, मग सोडला आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं. बाबा रागावले नाहीत. फक्त त्या दिवसापासून तिला कामातलं काही सांगेनासे झाले. कुणी विचारलं की "ती रिपेअरिंग करते" असं म्हणत, पण ज्या सुरात लोक "तिला बरं नसतं" म्हणतात ना, त्या सुरात. रागावले असते तर परवडलं असतं, असं ठमीला बरेचदा वाटे.

बाबांचं ऑफिस म्हणजे घरातलीच पुढची खोली. एक उतरतं टेबल, नकाशांच्या गुंडाळ्या आणि पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलेला जुना कॉम्प्युटर. हिशेबाचा प्रोग्राम त्या एका मशीनवरच चालायचा. ज्या कंपनीने तो विकला ती केव्हाच बंद पडली होती. मशीनच्या पाठीमागे किल्लीसारखी एक डबी खोचलेली होती, ती काढली की प्रोग्राम मुका. नव्या मशीनला तशी डबी खोचायला जागाच नसते. त्यामुळे बाबा आणि ते मशीन एकमेकांना धरून म्हातारे होत चालले होते.

मोठी इमारत असली की आकडे यायला भरपूर वेळ लागे. तेवढ्या वेळात बाबा पाठकोऱ्या कागदावर आपला ठोकताळा करत. एक खांब निवडायचा, त्याच्या वाट्याला येणारी जमीन, भिंती, माणसं सगळ्यांचं वजन अंदाजाने मांडायचं आणि बेरीज करून आकडा लिहून ठेवायचा. मशीनचा आकडा बघण्याआधी आपला आकडा कागदावर हवाच, हा त्यांचा नियम. "आधी उत्तर बघितलं की हात आपोआप तिकडेच वळतो," असं ते म्हणायचे. मग मशीनचा आकडा यायचा. दोन्ही जवळपास असले की लाल पेन्सिलीने बरोबरची खूण. आयुष्यभर ते असंच काम करत आले होते.

पण अलीकडे मशीन फारच रेंगाळायला लागलं. नकाशात एक खिडकी हलवली तरी अर्धी सकाळ जाई. आईच शेवटी ठमीला म्हणाली, "अगं, जगाचे कॉम्प्युटर दुरुस्त करतेस. तुझ्या बाबांचं खटारं तेवढं दिसत नाही का तुला?"

दिसत होतं. बोलावण्याची वाट बघत होती, एवढंच.

एका रविवारी ती हत्यारांची पेटी घेऊन आली. बंद पडलेल्या एका ऑफिसच्या भंगारात तिला त्याच बनावटीचा, त्याच खोबणीत बसणारा वरच्या दर्जाचा प्रोसेसर मिळाला होता. तो तिने बसवला. रॅम चौपट केली. खडखडणारी जुनी डिस्क काढून नवी, आवाज न करणारी घातली आणि जुन्यातलं सगळं तिच्यावर उतरवलं. डबी पुन्हा मागे खोचली. प्रोग्राम सुरू झाला, आणि पहिल्यापेक्षा चांगलाच चपळ झाला होता.

इथे तिने हात आवरायला हवा होता. पण बाबा मागे उभे राहून बघत होते. लहानपणी चित्र काढताना बघायचे तसे, हाताची घडी घालून. तिला वाटलं, चपळ म्हणजे काय, यांचे डोळे विस्फारले पाहिजेत. ती सेटिंगमध्ये शिरली आणि प्रोसेसरचा वेग बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर नेऊन ठेवला. त्याला थंड ठेवणारा पंखा मात्र जुनाच राहिला.

असं मशीन पळवायचं असेल तर त्यानंतर अर्धा दिवस तरी त्याच्याकडून उत्तरं माहीत असलेली गणितं करून घ्यायची असतात. तापल्यावर ते चुकतं का, हे बघायचं असतं. ठमी हे रोज गिऱ्हाइकांना ऐकवायची. "बंद पडणारं मशीन बरं हो, निदान कळतं तरी. न बंद पडता चुकणारं वाईट." दुसऱ्यांना सांगायला तिला काही लागत नसे.

पण आईने चहाचं आधण ठेवलं होतं आणि ठमी बोलून बसली होती, "बाबा, तुमची ती मोठी इमारत लावा. चहाला उकळी यायच्या आत आकडे देते." खरंच आले. आई पातेलं घेऊन बघायला आली तर पडदाभर आकडे. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शाब्बास, ठमे," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतः होऊन दोघा-तिघांना फोन केले. "आमच्या मुलीने केलं. हो, तीच. तिचं यातलं ज्ञान फार चांगलं आहे." ठमी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत होती आणि कप विसळण्याचं ढोंग करत होती. चाचणी राहिलीच. उद्या करू म्हणाली, आणि उद्या काही ती आली नाही.

काही आठवडे गेले. मग आईचा दुकानात फोन आला. आई फोनवर कधी हळू बोलत नाही, त्या दिवशी बोलली.

"तुझे बाबा हल्ली चुकायला लागलेत गं."

"चुकायला म्हणजे?"

"हिशेबात. त्या वसतिगृहाचं काम चाललंय ना. स्वतः करतात ते एक येतं, मशीन दुसरं दाखवतं. चार दिवस झाले, जेवतसुद्धा नाहीत धड. काल मला म्हणाले, दादाचंही असंच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पत्त्यांच्या डावात पानं मोजायला चुकू लागले, तिथून सुरुवात झाली आणि शेवटी त्यांना आरशातला माणूस ओळखू येईना. बाबांनी त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं होतं. ती भीती बाबांच्या उशाशी वर्षानुवर्षं बसूनच होती. तिला फक्त एक निमित्त हवं होतं.

ठमी दुकान बंद करून गेली. बाबा आतल्या खोलीत पडले होते. टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा ढीग होता. एकाच खांबाचा हिशेब पुन्हा पुन्हा केलेला, आणि प्रत्येक वेळी ऐंशी टनांच्या आसपास. बाजूला मशीनचे आकडे उतरवलेले: सत्तावन्न, मग एकोणसाठ, एकदा तर एकशे चार. आणि खाली बाबांच्या बारीक अक्षरात, 'मी प्रत्येक वेळी माहिती वेगळी भरतो आहे का?'

ती ओळ ठमीने दोनदा वाचली. तिने मशीनला हात लावला. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ त्याच्या पाठीवर पडलं होतं आणि पत्रा इतका तापला होता की हात ठेववेना. तिने दुकानातली चाचणी लावली, उत्तरं माहीत असलेल्या गणितांची. थोड्याच वेळात लाल ओळ उमटली. उत्तर चूक.

एकाच मशीनला तीच माहिती देऊन वेगवेगळी उत्तरं येतील, हे बाबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ते मशीन हळू होतं, पण खोटं कधी बोललं नव्हतं. शिवाय आता तर मुलीने सुधारून दिलेलं. मग चुकणारा उरला कोण?

आतून बाबांच्या खोकल्याचा आवाज आला. उठून आत जायचं आणि सांगायचं, इतकं सोपं होतं. ठमी उठलीही. पण तिला फोनवरचा तो सूर आठवला, 'आमच्या मुलीने केलं.' इतक्या वर्षांनी तो सूर ऐकला होता आणि आता आपल्याच तोंडाने तो पुसायचा. तिने सेटिंग उघडली, वेग पूर्वीच्या मर्यादेत आणला, चाचणी पुन्हा लावली, सगळी उत्तरं बरोबर आली. मग मशीन बंद करून ती चोरासारखी उठली. उद्या आकडे जुळतील, बाबांना वाटेल कालचा दिवसच वाईट होता. झालं तर मग. तिने स्वतःची अशी समजूत घातली, आणि ती पटली नाही हेही तिला तेव्हाच कळलं होतं.

पण बाबांनी दुसऱ्या दिवशी मशीन लावलंच नाही. त्यानंतरही नाही.

ते चालायला जाऊ लागले. आईला वाटलं, बरं झालं, मन रमेल. एकदा ठमी एका गिऱ्हाइकाकडून परतत होती तर बाबा एका जुन्या इमारतीसमोर रस्त्याच्या कडेला उभे दिसले. मान वर करून ते एका गच्चीकडे बघत होते. गच्चीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"बाबा? इथे काय करताय?"

"ही माझीच," ते म्हणाले. नजर काढली नाही. "गेल्या दोन-तीन वर्षांतली सगळी बघून येतोय. कधीपासून चुकतोय ते कसं कळणार, ठमे? तेव्हा आकडे जुळले म्हणून खूण केली. पण जुळले होते, की मला तसे दिसले?"

"काहीतरीच काय! मजबूत आहे ती."

"तुला गं काय माहीत?" ते म्हणाले. रागाने नाही. खरंच विचारत होते.

सांग, सांग, असं ठमी मनातल्या मनात स्वतःला म्हणत होती. तिने बाबांचा हात धरला आणि म्हणाली, "चला, घरी जाऊ, ऊन फार आहे." लाज वाटली तिला स्वतःची. ज्या माणसाने तिचा अभ्यास सुटला तेव्हा एक वाकडा शब्द काढला नाही, तो भर रस्त्यात आपल्याच भिंतींना घाबरत उभा होता, आणि ती उन्हाबद्दल बोलत होती.

डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली. आईचे गुडघे दुखत होते, शिवाय आईला ते बघवलं नसतं. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग म्हणाले, "काका, आता शंभरातून सात वजा करत चला बरं."

"त्र्याण्णव," बाबा म्हणाले. "शहाऐंशी. एकोणऐंशी." आणि थांबले. मोठमोठे गुणाकार तोंडी करणारा माणूस, कपाळावर घाम आला त्याच्या. त्यांनी ठमीकडे पाहिलं. "बरोबर आहे ना गं?"

"बरोबर आहे, बाबा."

"बहात्तर," ते म्हणाले, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. त्यानंतरच्या प्रत्येक आकड्याला ते तिच्याकडे पाहत गेले. उत्तरं सगळी बरोबर होती, पण भरवसा एकावरही नव्हता. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही, काही महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर कामाचा ताण कमी करा. बाबांनी मान डोलावली. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "दादालाही पहिल्यांदा असंच सांगितलं होतं."

ठमी त्या दिवसापासून चिडचिडी झाली. दुकानात कुणी "मॅडम, जरा वेग वाढवून द्या ना" म्हणालं की ती अंगावर धावून जायची. आज बोलू म्हणायची आणि आजचं ओझं कालच्यापेक्षा वाढलेलं असायचं. पहिल्या दिवशी नुसती चूक होती. आता त्यात डॉक्टर आले होते, ती गच्ची आली होती, आईचं रडणं आलं होतं. बोलायचं तर हे सगळंच बोलावं लागणार होतं.

मग आईने सांगितलं की बाबांनी काम सोडायचं ठरवलंय. त्यांचे एक जुने सहकारी उद्या दुपारी येऊन वसतिगृहाचे नकाशे घेऊन जाणार आहेत, आणि इथून पुढे बाबा कशावरच सही करणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी दारात हजर. बाबा नकाशांच्या गुंडाळ्यांना दोरी बांधत होते. ती तिथेच जमिनीवर बसली आणि श्वास न घेता बोलून गेली. वेग, पंखा, न केलेली चाचणी, तापलेलं मशीन, चुकीची उत्तरं. "तुमचं काही चुकलं नव्हतं, बाबा. मशीन चुकत होतं. मी चुकवलं ते."

बाबांनी दोरीची गाठ पूर्ण केली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आईने सांगितलं ना असं बोलायला?"

"नाही हो! खरं सांगतेय."

"तू लहानपणापासून अशीच. कप मी फोडला तरी तू पुढे व्हायचीस." ते म्हणाले. "माझं मन राखायला स्वतःच्या कामाला नावं ठेवतेस. नको असं करू. तू केलेलं काम उत्तम आहे."

ठमीला रडू फुटलं. इतके दिवस ज्या कौतुकासाठी तोंड शिवून बसली होती ते आता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभं होतं, आणि हटायला तयार नव्हतं.

"दाखवते," ती म्हणाली. मशीन सुरू केलं, वेग पुन्हा तिथेच नेऊन ठेवला आणि वसतिगृहाचा हिशेब लावला. उत्तर झटकन आलं. त्या खांबावर ऐंशी टन आणि वर थोडे. अगदी बरोबर. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सकाळची गार हवा होती, खिडकीत ऊन नव्हतं. एरवी चुका करून तिची झोप उडवणारं ते मशीन आज एखाद्या गुणी बाळासारखं वागत होतं.

"बघ," बाबा म्हणाले. "चांगलं चालतंय की."

"थांबा." तिने आतून जाड रजई आणली आणि मशीनवर पांघरली. चारी बाजूंनी नीट खोचली. त्याला तापवायला चाचणीची गणितं लावून दिली आणि बाबांना जवळच्या खुर्चीवर बसवलं. "तुम्ही कीबोर्डला हात लावू नका. मीही लावणार नाही. नुसतं बघा."

आई चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "कॉम्प्युटरला ताप आलाय का गं?"

"येऊ दे म्हणतेय," ठमी म्हणाली. कुणीच हसलं नाही.

चहा संपला. रजईतून जळक्या धुळीचा वास यायला लागला. ठमीने वसतिगृहाचा हिशेब पुन्हा लावला, मघाचीच माहिती, एक अक्षर न बदलता. पडद्यावर आकडे सरकले. त्याच खांबावर एकसष्ट टन.

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. "पुन्हा लाव."

अठ्ठ्याण्णव.

"पुन्हा."

त्रेपन्न.

बाबा मागे टेकले. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते आईलाही कळलं नाही. तिने कप खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्याला धरलं. "अहो, ऐकलंत का? मशीनच वेडं होतं. तुम्ही नाही." ती पदराने डोळे पुसत राहिली. ठमीने रजई काढली, मशीनचा पत्रा उघडा केला. तिचा जीव भांड्यात पडला होता. आता ओरडतील, गाढव म्हणतील, म्हणू देत, असं तिला वाटत होतं.

"तुला कधी कळलं?" बाबांनी विचारलं.

आजच, असं म्हणता आलं असतं. काल रात्री अचानक लक्षात आलं, असंही. आई तिच्याकडे कौतुकाने बघत होती.

"आईने फोन केला होता, त्या दिवशी."

"कोणता गं फोन?" आई म्हणाली. मग तिचा हात बाबांच्या खांद्यावरून खाली आला. "ठमे, डॉक्टरांच्या आधी?"

"हो."

"मी रस्त्यात भेटलो त्याच्याही आधी," बाबा म्हणाले. ते विचारत नव्हते. ठमीने होकारार्थी मान डोलावली. तिला बाबांकडे बघवत नव्हतं.

ओरडणं काही आलं नाही. बाबा उठले, नकाशांची दोरी सोडली आणि वसतिगृहाचा नकाशा टेबलावर पसरला. "मशीन पहिल्यासारखं कर," ते म्हणाले. "जितकं हळू होईल तितकं." ठमीने वेग उतरवला. थंड होऊ दिलं, चाचणी लावली, ती पूर्ण होईपर्यंत जागची हलली नाही. बाबांनी तोवर सहकाऱ्याला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. मग पाठकोरा कागद घेतला आणि अगदी पहिल्यापासून ठोकताळा मांडायला लागले. पेन्सिल कुठे अडखळली नाही. ठमी कडेने बघत होती आणि तिला इतका आनंद होत होता की क्षणभर बाकीचं सगळं ती विसरली.

त्यांनी आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला.

"लाव आता."

तिने हिशेब लावला. उत्तर आलं तेव्हा बाबा टेबलाशी होते आणि पडदा तिच्यासमोर होता.

"ऐंशी पूर्णांक चार दशांश," ती म्हणाली. "जुळलं, बाबा."

बाबांनी लाल पेन्सिल उचलली. कागदावर टेकवली, आणि तशीच धरून ठेवली. मग ती खाली ठेवून ते खुर्चीतून उठले, टेबलाला वळसा घालून आले, चष्मा लावला आणि पडद्यावरचा आकडा स्वतः वाचला.